विकणारा मोकळा, विकलेली कोठडींत

बैल घ्यावयाचा झाला तर आमचा शेतकरी बाजारांत काय काय करतो, हें सांगावयास नको. तो दांत पाहतो, खूर पाहतो, भोवरा पाहतो, चार पावलें चालवून बघतो. विकणाऱ्याचें नांव-गांव विचारतो. सौदा ठरला की बाजाराची पावती घेतो आणि मगच कासरा हातीं धरतो. एका जनावरासाठीं एवढी चौकशी! आणि पोटची पोर? कोणी परक्या मुलखांतला मध्यस्थ दारीं आला, 'हुंडा नको, लग्नाचा खर्च आमचा, वर तुमच्याच हातावर कांहीं रक्कम ठेवतों,' असें म्हणाला, की पंधरा वर्षांची पोर त्याच्या गाडींत बसते. गाडी कोणत्या गांवीं गेली हें पुढें बापाला सांगतां येत नाहीं. बैलाला पावती आहे, लेकीला नाहीं. ही गोष्ट ज्याला कडू लागते त्यानें पुढें वाचावें. ज्याला लागत नाहीं त्याच्यासाठींच तर हें लिहिलें आहे.

सरकारच्या दप्तरांत या पापाला 'अनैतिक मानवी वाहतूक' असें गोंडस नांव आहे. वाहतूक! जणूं उंसाची गाडीच कारखान्याला चालली आहे. आम्ही त्याला मनुष्यविक्री म्हणतों. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद केल्याला पाऊणशें वर्षें झालीं. तरी हा बाजार बंद नाहीं. कारण हा बाजार मुंबईंत भरत नाहीं. मुंबईंत नुसता माल उतरतो. बाजार भरतो तो आमच्या गांवांत, आणि त्याला तीन दारें आहेत.

पहिलें दार देवाचें. पोरीच्या केंसांत जट झाली, की जोगतीण सांगते, 'यल्लम्मानें बोलावलें.' घरांत मूल जगत नाहीं, म्हणून कोणी खंडोबाला नवस बोलतो. मग सौंदत्तीच्या डोंगरावर गळ्यांत लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडते, नाहींतर जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जातो. आम्ही विचारतों, देवाला वाहिलेली पोर देवाच्या घरीं कधीं नांदली काय? ती नांदली कामाठीपुऱ्यांत आणि बुधवार पेठेंत! जट ही देवीची खूण नव्हे. तेल-फणी न लागलेल्या, घामामळानें चिकटलेल्या केंसांचा तो गुंता आहे. कात्रीनें कापला तर देवी कोपत नाहीं, डोकें मात्र हलकें होतें.

या चालीविरुद्ध पुण्यास शिवराम जानबा कांबळे यांनीं 'सोमवंशीय मित्र' पत्रांतून शंभर वर्षांपूर्वींच हत्यार उपसलें. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत १९२० सालीं तिला कायद्यानें बंदी केली. मुंबई सरकारनें १९३४ सालीं कायदा केला, कर्नाटकानें १९८२ सालीं केला, महाराष्ट्रानें पुनः २००५ चा कायदा केला. १९३६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईंत मुरळ्या-जोगतिणींच्या सभेंत तें जिणें सोडून देण्यास रोकठोक सांगितलें. एकाच मुलखांत एकाच गोष्टीसाठीं इतक्या वेळां कायदा करावा लागतो, याचा अर्थ कोणता? अर्थ एवढाच, की कायदा मुंबईस लिहिला गेला, पण डोंगरावर चढला नाहीं.

आणि येथें आमच्या लोकांनाही एक खरी गोष्ट ऐकावी लागेल. थोतांड पोथींतून आलें हें आम्ही रोज सांगतों. परंतु आज पोरीच्या हातीं परडी देणारा, तिच्या पहिल्या रात्रीचा सौदा करणारा पाटील-सावकार, तिला गाडींत बसविणारी 'मावशी', यांत भट किती? हीं माणसें आमच्याच बहुजनांतलीं आहेत. आणि माळ जिच्या गळ्यांत पडते ती बहुतेक महारामांगाची, ढोराचांभाराची, नाहींतर भुकेल्या कुणब्याधनगराची लेक असते. भटजीला शिव्या देऊन शेटजीचें आणि पाटलाचें पाप धुऊन निघत नाहीं.

दुसरें दार मुकादमाचें. दसरा-दिवाळी झाली की बीडकडचीं जोडपीं उंसाच्या फडावर निघतात. उचल अगोदरच घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता. घरांत तेरा-चौदा वर्षांची पोर असली तर ती ठेवावी कोठें? म्हातारीपाशीं गांवांत ठेवावी तर धास्ती, फडावरच्या कोपींत न्यावी तर त्याहून मोठी धास्ती. कोपीला दार नसतें. मग आई-बाप म्हणतात, 'उजवून टाकूं.' पोर उजवली की तिचाही कोयता होतो आणि तिच्या नांवावरही उचल मिळते. हंगाम संपतो, उचल फिटत नाहीं, पुढल्या वर्षीं पुनः तोच मुकादम. ज्याचें कर्ज त्याची सत्ता. त्या सत्तेपुढें बाईची अब्रू उघड्यावर पडते आणि नवरा खालीं मान घालून कोयता चालवितो. वेठबिगारीचीं कर्जें रद्द करणारा कायदा १९७६ सालींच झाला. त्यांत जिल्हाधिकाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, दक्षता समिति सांगितली आहे. ती समिति कोणी फडावर पाहिली असेल तर आम्हांला अवश्य कळवावें. आम्ही तिचें नांव मोठ्या अक्षरांत छापूं.

तिसरें दार लग्नाच्या दलालाचें. ज्या मुलखांत लेकी गर्भांतच मारल्या, त्या मुलखाला आतां सुना विकत हव्या आहेत. हसूं नका, तो मुलूख दूर नाहीं. २०११ च्या जनगणनेंत एकट्या बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ होत्या! आज आमच्याच गांवांत तिशी उलटलेलीं पोरें दलालाला पैसे मोजून परमुलखांतून बायको आणतात, आणि आमच्या आदिवासी, भूमिहीन घरांतल्या पोरी तसेच पैसे मोजून परमुलखांत नेल्या जातात. विकत आणलेल्या बायकोला माहेर नसतें, भाषा नसते, साक्षीदार नसतो. तिला मारलें तर ओरडावें कोणाच्या नांवानें? अशा घरांतली मारहाण आणि कुंटणखान्यांतली मारहाण यांत भेद एवढाच, की एकीला लोक संसार म्हणतात.

आतां सरकारचा कायदा काय करतो तें पाहूं. १९५६ सालीं झालेल्या, पुढें १९८६ सालीं दुरुस्त केलेल्या अनैतिक व्यापाराच्या कायद्यांत दलाल आणि कुंटणखानेवाला यांना शिक्षा सांगितली आहे, हें खरें. पण त्याचें आठवें कलम वाचा. बाईनें खिडकींत बसून, हातवारे करून गिऱ्हाईक बोलावलें, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमांत पुरुष सांपडला तर तीन महिन्यांपर्यंत! 'दहा-अ' कलमाप्रमाणें बाईला कैदेऐवजीं दोन ते पांच वर्षें सुधारगृहांत डांबतां येतें. विसाव्या कलमानें मॅजिस्ट्रेटला तिला त्या वस्तींतून हुसकून लावतां येतें. चौथ्या कलमानें तिच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरील माणूस गुन्हेगार; म्हणजे तिच्या पैशावर कॉलेजांत शिकणारा मुलगाही त्यांत सांपडूं शकतो, आणि गांवीं तिच्या मनीऑर्डरीवर जगणारी आंधळी आईही. जिला चोरून नेलें तिलाच चोर ठरविणारा हा न्याय! चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम मात्र खरोखर दांताचें आहे. माणसाची खरेदीविक्री केली तर सात ते दहा वर्षें. मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर उरलेलें सबंध आयुष्य तुरुंगांत. आणि 'तिची संमति होती' ही सबब चालत नाहीं. असें कलम हातीं असतां धाड पडते ती कोठें? माडीवर. गांवच्या दलालाच्या वाड्यावर कधीं धाड पडल्याचें ऐकलें काय? माडीवरून दहा बाया खालीं उतरवून, तोंडावर पदर ओढलेल्यांचें छायाचित्र छापलें, की कामगिरी झाली. घरमालक कोण, गाडी कोणाची, पैसे कोणीं मोजले, कोणीं घेतले, हें विचारण्यास दुसऱ्या जिल्ह्यांत जावें लागतें, आणि तेथें जाण्यास कोणाला सवड नसते. खटला उभा राहीपर्यंत बाई सुधारगृहांतून कोठें गेली याचा पत्ता नसतो. साक्ष नाहीं म्हणून दलाल सुटतो. स्वेच्छेनें हा धंदा करणाऱ्या प्रौढ स्त्रीला धाडींत अटक करूं नये, छळूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९ मे २०२२ रोजीं पोलिसांना बजावलें. तें ठाण्याच्या भिंतीवर लिहिलेलें आम्हीं अजून पाहिलें नाहीं.

आणि बाप ठाण्यांत गेला म्हणजे? 'पळून गेली असेल कोणाबरोबर. चार दिवस वाट पाहा.' चार दिवसांत पोर चार जिल्हे ओलांडते! बांधवहो, हें उत्तर ऐकून परत फिरूं नका. अठरा वर्षांखालील मूल हरवलें तर तें पळविलें किंवा विकलें असेल असें धरून ताबडतोब गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा हुकूम आहे. 'आमच्या हद्दींत नाहीं' हीही सबब नव्या संहितेप्रमाणें चालत नाहीं. कोणत्याही ठाण्यानें फिर्याद लिहून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठविली पाहिजे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती हातीं घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरूं नका. ११२ आणि मुलांसाठीं १०९८ हे आंकडे घराच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा.

सरकारपाशीं आमचें मागणें थोडें आहे. आठव्या आणि विसाव्या कलमांतून बाईची सुटका करा. प्रत्येक धाडीचा तपास ज्या गांवाहून मुलगी निघाली त्या गांवापर्यंत नेलाच पाहिजे, असा नियम करा. दलालाची आणि जाणूनबुजून जागा देणाऱ्या घरमालकाची मिळकत जप्त करून ती त्या स्त्रीच्या नांवावर लावा. शिवणयंत्र आणि उपदेश देऊन पोट भरत नाहीं. मद्रासेंत १९२९ सालीं मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या खटपटीनें देवदासींच्या इनाम जमिनी देवळाच्या सेवेंतून मोकळ्या झाल्या आणि त्या स्त्रियांच्या मालकीच्या झाल्या. जमीन पायाखालीं आली की बाई डोंगर उतरते. आमच्या जोगतिणीपाशीं इनाम नाहीं, परडीच आहे. तिला घर आणि जमिनीचा तुकडा द्या. आणि ऊंसतोड्यांच्या मुलींचें वसतिगृह दसऱ्यापूर्वीं उघडा; फड अर्धा तुटल्यावर उघडलेलें वसतिगृह म्हणजे वरातीमागून घोडें.

गांवाचें कामही गांवानें करावें. गांवचा ग्रामसेवक, ज्याला आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोच बालविवाह रोखणारा सरकारी अधिकारी आहे. त्याला ग्रामसभेंत उभा करून जाब विचारा. लग्नासाठीं विकलेल्या अल्पवयीन मुलीचें लग्न २००६ च्या कायद्याच्या बाराव्या कलमानें मुळांतच रद्द ठरतें, हें प्रत्येक बापाला सांगा. परगांवीं जाणाऱ्या प्रत्येक पोरीचें वय, नवऱ्याचें गांव, मध्यस्थाचें नांव ग्रामपंचायतींत लिहून ठेवा.

शेवटीं एक दार उरतें, तें आमचें स्वतःचें. दलालाच्या तावडींतून सुटलेली पोर रात्रीं घरीं येते आणि बाप म्हणतो, 'भावकींत तोंड दाखवायला जागा राहिली नाहीं, आलीस तशी जा.' ती जाते कोठें? जेथून आली तेथेंच. दलाल निर्धास्त असतो तो पोलिसांच्या मेहेरबानीवर जितका, तितकाच आमच्या या एका वाक्यावर. जोतीरावांनीं आणि सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें आलेल्या विधवा त्यांच्या जातीच्या नव्हत्या, नात्याच्या नव्हत्या. ज्या घरांनीं फुल्यांचा छळ केला त्याच घरांतल्या होत्या. तरी त्यांना थारा मिळाला. आम्ही त्यांचे अनुयायी म्हणवून घेतों, तसबिरीला हार घालतों, आणि आपल्याच लेकीला दार लावतों! दार उघडा, बांधवहो. तिला घरांत घ्या, पोटभर जेवूं घाला, आणि सकाळीं तिचा हात धरून ठाण्यांत चला. दलालाचें नांव सांगणारी ती एकटीच साक्षीदार आहे.