नक्षी आमची, नाव कुणाचे?

भुशी धरणावर दर पावसाळ्यात हजारो माणसे भिजायला येतात. त्यांतली किती जवळच्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात जातात? तिथल्या दर्शनी भिंतीवर वेदिकेची नक्षी कोरलेली आहे. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि पुन्हा तेच. कापडावरच्या छापील नक्षीचे तत्त्वही हेच आहे.

चित्रकार एकच चौकट काढतो. तिची उजवी कड डावीला आणि खालची वरचीला बिनचूक जुळावी लागते. या चौकटीला धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. गोल स्क्रीनचा घेर बहुधा ६४ सेंटीमीटर असतो, म्हणून चौकटीची उंची ६४, ३२ किंवा १६ अशी बसवावी लागते. जोड चुकला की हजारो मीटर कापडावर तीच चूक उमटते. याला हात, डोळा आणि गणित तिन्ही लागतात. तरीही कापडाच्या किनारीवर नाव छापले जाते ते कंपनीचे!

कार्ल्याच्या लेण्यात मात्र धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचा शिलालेख आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी कारागिराचे नाव दगडावर कोरले गेले. पुढे जातिव्यवस्थेने कष्टकऱ्याचे नावही पुसले आणि हक्कही. मुंबईच्या गिरण्यांत धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी या अन्यायाला वाचा फोडली. आज ते दार उघडे आहे, पण मालकीचे दार बंदच आहे.

वारली चित्रांचेच पाहा. तारपा नाच साड्यांवर, पडद्यांवर, चादरींवर छापला जातो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण एखाद्या वारली चित्रकाराने काढलेल्या नव्या नक्षीचा हक्क त्या मानांकनाने त्याला मिळत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

इथेच कायद्याची मेख आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने ती यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उतरवली, की तिचा कॉपीराइट संपतो. छपाईच्या कारखान्यात ५० चा आकडा ओलांडायला कितीसा वेळ लागणार? याउलट डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षे आणि मुदत वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र नक्षी नवी हवी आणि बाजारात दाखवण्याआधीच अर्ज करायला हवा.

आपल्या मुलामुलींनी कला जरूर शिकावी, पण सोबत हा कायदाही शिकावा. कागद हातातून सोडण्यापूर्वी नोंदणी करावी आणि मोबदल्याचा लेखी करार मागावा. एकट्याला जमत नसेल तर चौघांनी मिळून मागावा. किनारीवर कंपनीचे नाव छापता येते, तर नक्षी काढणाऱ्याचे का नाही? सामी सुताराला जे मिळाले, ते आपल्या कारागिराला मिळालेच पाहिजे.