चाक नातवाचे, आकाश दोघांचे

पाठीवर भलीमोठी पिशवी, डोक्यावर हेल्मेट आणि पायांखाली एकच एक चाक. त्याला ना हँडल, ना बसायला सीट. अशा विजेवरच्या चाकावर उभा राहून एखादा तरुण डोंगरवाट चढून जातो, माथ्यावर पिशवीतून कापडी पंख काढून पसरतो, वाऱ्याकडे तोंड करून काही पावले धावतो आणि पाहता पाहता दरीवर तरंगू लागतो. इलेक्ट्रिक युनिसायकल आणि पॅराग्लायडिंग यांची ही जोडी हौशी तरुणांनी जुळवली आहे. तिच्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. लांब पल्ल्याचे उड्डाण करणारा कोणत्या गावच्या माळावर उतरेल याचा नेम नसतो, आणि मग परतीसाठी एस.टी.ची वाट पाहावी लागते.

आपल्या घरातही असा एखादा नातू किंवा नात असेल आणि कामशेतच्या टेकड्यांकडे निघताना ती सहज म्हणेल, “आजी, तुम्हीही चला की!” घरातील मोठी माणसे अशा वेळी चाकाला खेळणे समजतात आणि उड्डाणाला जिवावरचे धाडस. वार्धक्याच्या दृष्टीने पाहिले तर मला हा हिशेब उलटा वाटतो.

प्रथम चाकाविषयी. शरीर किंचित पुढे झुकवले की ते वेग घेते, मागे रेलले की मंदावते. हा पुढचा-मागचा तोल आतील संवेदक आणि मोटार सांभाळतात. डावी-उजवीकडचा तोल मात्र सायकलप्रमाणे स्वारानेच राखायचा असतो. तीव्र चढावर, बॅटरी उतरत आलेली असताना किंवा वेग मर्यादेपलीकडे गेल्यास मोटारीची ताकद अपुरी पडू शकते. तसे झाले की स्वार सरळ तोंडावर पुढे पडतो. तरुण मनगट हा आघात बहुधा निभावून नेते. आपल्या वयात तळव्यांची संवेदना, आंतरकर्णाची तत्परता आणि दृष्टी या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या मंदावलेल्या असतात. मधुमेह असेल तर तळवे अधिकच बधिर. त्यात हाडे ठिसूळ झालेली असली, तर अशा पडण्याची परिणती मनगटाच्या किंवा खुब्याच्या अस्थिभंगात होऊ शकते, आणि खुब्याचे दुखणे माणसाला किती दिवस अंथरुणाला खिळवते हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको. साठीनंतर हे चाक प्रथमच शिकू पाहणाऱ्यास माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. आयुष्यभर सायकल चालवलेल्यांनी रागावू नये. सायकलला दोन चाके असतात आणि ब्रेक हाताशी असतो.

आकाशाची गोष्ट निराळी आहे. १९७८ मध्ये फ्रान्समधील मियुसी या गावी काही छत्रीधारकांनी विमानातून उडी घेण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केले आणि या खेळाला चालना मिळाली. आज टँडम उड्डाणात प्रवासी पुढे आणि अनुभवी पायलट मागे, असे दोघे एकाच पंखाखाली बसतात. तोल, दिशा, वाऱ्याचा अंदाज हे सारे पायलटचे काम. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ मध्ये आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी दुसऱ्या छत्रीधारकाला बांधून घेऊन आकाशातून उडी घेतली. त्या काळात ते चाकाच्या खुर्चीत असत. तो प्रकार वेगळा आणि त्यांच्या दिमतीची व्यवस्थाही वेगळी, हे खरे. पण वयाचा आकडा एकटाच निर्णायक नसतो, एवढे त्यातून दिसते.

आपल्याकडून अपेक्षा असते ती आरंभीच्या काही धावत्या पावलांची आणि उतरतानाच्या क्षणाची. हे दोन क्षणच तपासून पाहावेत. घरी खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जा, वळून परत या आणि बसा. शेजारी कोणीतरी उभे असू द्या. यास १२ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात, आणि अशा वेळी उड्डाणाचा विचार बाजूला ठेवून आधी व्यायामाचा करावा. उतरताना कंबरेवर आपटल्यास मणका दबून मोडू शकतो. म्हणून अस्थिक्षय असलेल्यांनी, पूर्वी मणका दबलेल्यांनी हा मोह टाळलेलाच बरा. रक्त पातळ करणारी औषधे, हृदयविकार, आवाक्यात नसलेला रक्तदाब, बदललेला गुडघा यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत उंचावर जाणे सक्त वर्ज्य; उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातील दाब वाढवतो.

ठिकाणाची निवडही महत्त्वाची. हिमाचलातील बिलिंगचे उड्डाणस्थळ सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे आणि खालचे बीड सुमारे १४०० मीटरवर. वर जीप जाते, पण एवढ्या उंचीवर हवा विरळ आणि गार. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. फुप्फुसाच्या रुग्णांना त्यापेक्षा पुण्याजवळच्या कामशेतच्या बुटक्या टेकड्या सोयीच्या. पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकू नये. दुपारच्या उन्हात तापलेल्या हवेचे झोत उसळतात, पंख घिरट्या घेऊ लागतो आणि पोटात ढवळते. सकाळची किंवा उन्हे कलल्यावरची वेळ मागून घ्यावी. पायलटला दोन प्रश्न अवश्य विचारा: परवाना दाखवाल का, आणि मला पाय उचलून बसल्याबसल्या उतरवता येईल का? टाळाटाळ झाली तर दरी पाहत चहा प्या आणि घरी या. उतरल्यावरही झटकन उभे राहू नये. लोंबकळत्या पायांत रक्त साचलेले असते, चक्कर येण्याचा संभव असतो.

नातवंडांसाठीही एक निरोप द्यायचा आहे. पंख, आसन आणि सुटकेची छत्री मिळून पाठीवर पंधरा-वीस किलो होऊ शकतात. त्या ओझ्याने शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चाकावरचा तोल नाजूक होतो. चाकच घेऊन उडायचे म्हटले तर त्याचेही वजन जमेस धरावे लागते. प्रत्येक पंखाला वजनाची मर्यादा ठरवून दिलेली असते. ओझे वाढले की वेग वाढतो आणि जमीन तितक्याच वेगाने सामोरी येते. चाक पायथ्याशी कोणाच्या तरी स्वाधीन करून उडणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी घरातले. हे चाक रात्री बोळात किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवू देऊ नका. अंधारात स्नानगृहाकडे निघालेल्या आजोबांचा पाय त्यातच अडकेल. लिथियमची बॅटरी क्वचित पेट घेते आणि तिची आग झपाट्याने पसरते. म्हणून चार्जिंग दिवसा, कोणी जागे असताना करावे. दरवाजाची वाट मोकळी ठेवावी, आणि आजी-आजोबांच्या खोलीत तर ते कधीच करू नये.