सायकलच्या सीटचे न सांगितलेले दुखणे

वाचकहो, गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. ते एका सूनबाईंचे आहे. सासूबाईंचे वय 67, गुडघ्यांत संधिवाताची सुरुवात. डॉक्टरांनी सायकलचा व्यायाम सुचवला म्हणून मुलाने हौसेने घरात एका जागी चालणारी सायकल आणली. सासूबाईंनी ती पंधरा दिवस नेमाने चालवली आणि ‘मला नाही झेपत’ म्हणून सोडून दिली. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. गुडघेच दुखत असावेत, असे घरातल्या सर्वांनी गृहीत धरले. खरे कारण त्यांनी सुनेला तीन महिन्यांनी सांगितले, तेही स्वयंपाकघरात, पाठमोरे उभे राहून: सीटवर बसले की पुढच्या बाजूस टोचते, कातडी सोलवटते आणि नंतर लघवीला जळजळ होते.

हे दुखणे नव्हे वयाचे, नव्हे नाजूकपणाचे. पुष्कळदा ती सीट त्या शरीराच्या मापाची नसते, एवढेच त्याचे कारण असते. चप्पल चावली तर आपण पायाला दोष देत नाही. सीट चावली की मात्र बाई स्वतःलाच दोष देते आणि गप्प बसते. तक्रार सायकलीइतकीच जुनी आहे. 1890 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा डॉक्टरांमध्ये सीटवरून वाद झडले आणि मधोमध पोकळी ठेवलेल्या ‘आरोग्यदायी’ सीट विक्रीस आल्या. त्या वादात बाईच्या दुखण्यापेक्षा तिच्या शीलाचीच काळजी अधिक होती, हे ओघाने आले.

आता मूळ गोष्ट. ताठ पाटावर बसल्यावर खाली जी दोन हाडे टेकतात, ती आपली बैठकीची हाडे. सायकलवर शरीराचा भार त्यांनीच पेलायचा असतो. त्यांच्या पुढचा भाग मऊ. तेथे जननेंद्रिय आणि मूत्रमार्ग. तो भार पेलण्यासाठी घडलेलाच नाही. स्त्रियांमध्ये या दोन हाडांतील अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा अधिक असते, पण ते बाईगणिक बदलते. अंगाने भरलेल्या बाईची हाडे जवळजवळ असू शकतात आणि किडकिडीत बाईची लांब. म्हणून दुकानात ‘लेडीज सीट द्या’ म्हणणे पुरेसे नाही. अंतर मोजलेलेच बरे.

त्यासाठी कोणापुढे संकोच करण्याचे कारण नाही. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा टणक खुर्चीवर ठेवावा आणि पातळ कपड्यांनिशी त्यावर बसावे. पायांखाली लहान पाट घेऊन गुडघे किंचित उंच करावेत, थोडे पुढे झुकावे आणि मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. पाठ सरळ ठेवून सायकल चालवणाऱ्या बाईने त्यात साधारण 3 ते 4 सेंटीमीटर मिळवावेत. सीटच्या मागच्या भागाची रुंदी सुमारे तितकी असावी. दुकानदाराला एवढेच सांगायचे: इतकी रुंद, आणि मधोमध खाच असलेली. बाकी काही बोलावे लागत नाही. घरातील सायकलवर बाजारातली सीट बसतेच असे नाही, तेव्हा जुनी सीट काढून सोबत न्यावी.

येथे बहुतेकजण एक चूक करतात. दुखले की बाजारातून जेलचे मऊ, जाड कव्हर आणून सीटवर चढवतात. हाताने दाबून पाहिले तर ते उशीसारखे सुखाचे वाटते. पण बसल्यावर हाडे त्यात रुततात आणि मधला मऊ गर वर उचलला जाऊन नेमक्या नाजूक भागावर दाबतो. सीट थोडी टणक असावी. योग्य मापाच्या टणक सीटवर पहिले आठ-पंधरा दिवस हाडांखाली ठणकते, ते हळूहळू ओसरते. पुढच्या भागातील टोचणे, मुंग्या किंवा बधिरपणा मात्र सवयीने जात नाही आणि सहनही करू नये. म्हणून घरातल्यांनी ‘दुखते का?’ असे न विचारता ‘हाडाला दुखते की पुढे?’ असे विचारावे. शक्यतो लेकीने किंवा सुनेने, आणि एकांतात.

नवी सीट घेण्यापूर्वी आहे तीच नीट लावून पाहावी. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी; पायडल सर्वात खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढा बाक उरतो. सीट याहून उंच असेल तर खालचे पायडल गाठताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासते. फार खाली असेल तर गुडघा अधिक वाकून वाटीवर ताण येतो. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या ज्येष्ठांनी पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट थोडी खाली ठेवणे समजण्यासारखे आहे. घरातल्या सायकलला त्या तडजोडीची गरज नाही.

सीट सपाट ठेवावी, फार तर टोक किंचित खाली. टोक वर असेल तर ते टोचणारच. फार खाली केले तर शरीर पुढे घसरून मनगटांवर भार येतो. हँडलही पाहा. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये स्पर्धेत उतरणाऱ्या सायकलपटू स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हँडल सीटपेक्षा खाली असल्यास पुढच्या भागावरील दाब वाढतो आणि तेथील संवेदना कमी होते, असे त्यात दिसले. आपल्या सासूबाईंना कोणतीही शर्यत जिंकायची नाही. हँडल सीटहून वर असू द्यावे.

रस्त्यावर गतिरोधक आला की माणूस आपोआप सीटवरून उठतो. घरात गतिरोधक नसतो, त्यामुळे त्याच जागी दाब साचत राहतो. दर पाच-सात मिनिटांनी थांबून खाली उतरावे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने त्या भागातील त्वचा पातळ आणि कोरडी होते, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही सहज होतो. म्हणून जाड शिवणीचे कपडे टाळावेत आणि घामाने ओले झालेले कपडे लगेच बदलावेत. नुसत्या पाण्याने धुणे पुरे, सुवासिक साबण नको. कोरडेपणावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. त्यासाठी जाण्यात लाजण्यासारखे काही नाही.

काही लक्षणांचे खापर मात्र सीटवर फोडू नये. रजोनिवृत्तीनंतर एक थेंबही रक्त दिसले तर ‘सीट लागली असेल’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीची जळजळ दोन दिवसांत न थांबल्यास, ताप आल्यास, मधुमेही व्यक्तीला जखम झाल्यास किंवा ‘अंग बाहेर येते’ अशी भावना असल्यासही तसेच करावे. पत्रातील सासूबाईंनीही आधी लघवीची तपासणी करून घ्यावी आणि मगच पुन्हा सायकलवर बसावे. सीटवर बसणे जमणारच नसेल, तर पाठीला टेका असलेली, पाय पुढे पसरून चालवायची सायकल मिळते. तिचे बैठक-आसन खुर्चीसारखे असते.

आणि एक. तीच सायकल घरातला नातूही चालवत असेल, तर आजीची उंची ठरल्यावर सीटच्या दांडीवर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. तो रोज सीट खाली करणार, हे नक्की.