किक मारायच्या आधी

गाडी घसरून पडली की आपण काय करतो? आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. मग कपडे झटकतो, गाडी उचलतो आणि लगेच किक मारतो. सुरू झाली की हुश्श! "काही नाही झालं रे, चल निघू." माझं स्पष्ट मत असं की पडण्यापेक्षा ही किकच जास्त महागात पडते. आणि हे मी कुठं वाचून सांगत नाहीये, बाबांच्या गाडीचं वाटोळं करून सांगतोय.

गोष्ट गगनबावड्याची. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर बसलेलं गाव. इथून एक रस्ता करूळ घाटानं आणि दुसरा भुईबावडा घाटानं खाली कोकणात उतरतो. जूनचा पहिला पाऊस झाला की आमच्याकडची निम्मी पोरं तिकडं पळतात. मी शुक्रवारी रात्री पुण्याहून घरी आलो होतो. शनिवारी सकाळी बाबांची स्प्लेंडर काढली, मागे शाळेतला मित्र. ही गाडी बाबांनी २००९ साली घेतलेली. मी गाडी शिकलो तीही हिच्यावरच.

कळे, असळज, पळसंबे करत मजेत वर पोचलो. गाव सोडून भुईबावड्याच्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती रस्त्यावर पसरलेली. पुढचं चाक सटकलं. आम्ही दोघं एकीकडे, गाडी उजव्या अंगावर कडेच्या चरीत. डोक्यात हेल्मेट होतं, वेग कमी होता, त्यामुळं खरचटण्यावर भागलं. गाडी मात्र चिखलात आडवी पडून तशीच चालू होती, मागचं चाक गरागरा फिरतंय. आम्ही उठून, एकमेकांना चाचपून, चावी फिरवेपर्यंत अर्धा मिनिट तरी गेला असेल.

एक टेम्पो थांबला. दोघांनी गाडी वर काढून दिली आणि अर्थातच सल्लाही दिला, "काय न्हाई झालं, मारा किक!" तिसऱ्या किकला सुरू झाली. आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. ब्रेकचा पेडल आत दबलेला दिसला, तो लाथ मारून बाहेर काढला. पेडल आत कशाला टेकला होता, हे वाकून बघायचं काही सुचलं नाही. चहा-भजी खाल्ली आणि ५५ किलोमीटर गाडी चालवत घरी आलो. बाबांना सांगितलं, "चिखल उडालाय, धुवून ठेवतो." रविवारी रात्री मी पुण्याला परत.

बारा दिवसांनी आईचा फोन. रंकाळ्याजवळ चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं, मागचं चाक लॉक. बाबांनी क्लच दाबला, गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून केएमटीची बस येत होती, तिच्या ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक मारला. बाबा ठीक होते. मी मात्र तो दिवसभर कीबोर्डवर हात ठेवून नुसता बसून होतो.

पुढच्या शनिवारी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूर हे ऑइल इंजिनांचं आणि ओतकामाचं गाव, त्यामुळं इंजिन खोलणाऱ्या माणसांची इथं वानवा नाही. मिस्त्रींनी एका पांढऱ्या फडक्यातून जुनं ऑइल गाळलं. फडक्यावर लाल गाळ. मग उजव्या बाजूचं क्लच कव्हर उतरवून आतली जाळी दाखवली, ती लालसर लगद्यानं जवळजवळ बुजलेली. कव्हरला पेडलच्या बरोबर मागे नखाएवढी चीर. चिखल तिथूनच आत गेला होता.

मी विचारलं, "पण मिस्त्री, पडल्यावर गाडी तर लगेच सुरू झाली होती."

"सुरू व्हायला काय लागतंय? पेट्रोल, हवा आन् ठिनगी. माती आत हाय का न्हाई ते किक कशी सांगंल?"

या एका वाक्यात सगळं आलं. आपण जी चाचणी घेतो ती भलत्याच प्रश्नाची. "गाडी सुरू होते का?" आणि "गाडी चालवण्यालायक आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता थोडं इंजिनिअरिंग (डिग्रीचा कधीतरी उपयोग व्हायला हवा ना!). स्प्लेंडरसारख्या गाडीत जेमतेम एक लिटर ऑइल असतं आणि तेच इंजिनला, क्लचला, गिअरला, सगळ्यांना पुरतं. म्हणजे क्लचच्या बाजूनं गेलेली माती थेट पिस्टनपर्यंत पोचते. फिरणाऱ्या भागांमधला ऑइलचा थर कित्येक ठिकाणी काही मायक्रॉनचाच असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसणं कठीण. याचा अर्थ, जी माती खरं नुकसान करते ती दिसतच नाही. जाळी फक्त जाडं भरडं अडवते.

त्यात ती गगनबावड्याची जांभ्याची माती. तिचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. दागिन्यांना आणि काचेला चकाकी आणायला जी लाल पूड वापरतात, तीही लोखंडाचा ऑक्साइडच. पिस्टनचं अॅल्युमिनियम त्याच्यापुढं फारच मऊ. आयडलला इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतं, तेव्हा "दोनच मिनिटं चालू करून बघतो" म्हणजे दोन हजारांहून जास्त वेळा पॉलिश पेपर मारणं. आणि मी तर ५५ किलोमीटर मारला होता.

मग करायचं काय? मिस्त्रींकडून शिकलेलं सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे.

आधी माणसं. स्वतःला आणि मागच्याला नीट बघा, गाडी पळून जात नाही. मग चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद, गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. आता इंजिनच्या दोन्ही बाजूंची कव्हरं बघा, विशेषतः ब्रेकचा पेडल, गिअरचा लिव्हर आणि फूटरेस्ट यांच्या मागे. चिखल पुसून बघा, चीर चिखलाखालीच लपते. ऑइल ठिबकतंय का? ऑइलचं झाकण जागेवर आहे का?

पाचेक मिनिटं थांबून डिपस्टिक काढा (आधी आजूबाजूचा चिखल पुसा, नाहीतर तोच आत जायचा). ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. एक थेंब अंगठा आणि बोटात चोळा. कचकच लागली तर माती. पण लागली नाही म्हणून नाहीच, असं समजू नका. कव्हरला चीर असेल तर तेवढंच कारण पुरे.

शेवटी एअर फिल्टर. बाहेरून तो मळलेलाच असणार, ते त्याचं काम. कार्बोरेटरकडची, म्हणजे आतली बाजू बघायची. तिथं स्वच्छ पांढरा रुमाल फिरवा. रुमाल लाल झाला तर इंजिननं चिखल ओढलेला आहे. आमच्यासारखी गाडी पडल्यावर चालू राहिली असेल तर हे बघायलाच हवं. डब्यात थोडं ऑइल दिसलं तर घाबरू नका, गाडी आडवी पडली की येतं कधीकधी.

सगळं ठीक असेल तर खुशाल किक मारा. यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर किकला हात, सॉरी पाय, लावायचा नाही. छोटा हत्ती बोलवा आणि गाडी त्यात घालून न्या. आणि हो, वॉशिंग सेंटरला तर अजिबात नेऊ नका. प्रेशरचं पाणी चिरेतून उरलीसुरली माती आत ढकलतं. मी घरी येऊन नेमकं तेच केलं होतं, पुरावा धुवायच्या घाईत.

तुम्ही म्हणाल, धो धो पावसात, संध्याकाळी, घाटाच्या तोंडावर हे सगळं कोण करत बसणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच म्हणतो, सगळं इंजिन खोलायला सांगत नाहीये, फक्त बघायला सांगतोय. आणि गगनबावड्याला एसटीचं आगार आहे. गाडी ओळखीच्या टपरीमागे लावून बसनं घरी येता येतं. आम्हाला तो पर्याय सुचलाच नाही, कारण बसनं परत जाणं म्हणजे हरल्यासारखं.

आणखी एक. आपल्या गाडीच्या विम्याच्या पॉलिसीत एक अट असते, जी कुणी वाचत नाही : अपघातानंतर दुरुस्तीआधीच गाडी चालवली आणि त्यानं नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. कव्हर फुटलं तो अपघात. पिस्टन गेला ती माझी हौस.

नवीन बीएस-६ गाड्या घेतलेल्यांनीही निवांत राहू नका. बऱ्याच गाड्यांत, आडवी पडली की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. चांगलीच सोय आहे. पण चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी परत तयार, आणि त्या सेन्सरला मातीतलं काही कळत नाही.

गंमत म्हणजे ऑफिसात हे मी रोज दुसऱ्यांना शिकवतो. सर्व्हर पडला की नवीन आलेला पोरगा लगेच रीस्टार्ट करायला धावतो. मी ओरडतो, "आधी लॉग बघ, डंप घे, मग हात लाव!" रीस्टार्ट होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे मला पगार घेऊन कळतं, चरीत पडल्यावर कळत नाही.

असो. बोअर मारून, नवीन पिस्टन-रिंगा घालून, कव्हर बदलून गाडी परत रस्त्यावर आली. खर्च मी दिला. बाबा काही बोलले नाहीत. बिल बघून घडी घातली, खिशात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "पडला होतास एवढं सांगितलं असतंस, तर मी बघितली असती की रे."

किकेपेक्षा ते वाक्य जोरात लागलं.