चेहरा पाहून कुत्रा घेऊ नका



आमच्या मोठ्या गटाला बाईंनी निबंध दिला होता, 'माझा आवडता प्राणी'. नऊपैकी पाच जणांनी एकच कुत्रा निवडला: कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल! पाचही निबंधांत कारण एकच, "तो किती गोड दिसतो". त्यावरून वर्गात बराच वाद झाला. शेवटी आम्ही सर्वांनी मिळून हे मत लिहायचे ठरवले.

दिसायला तो गोड आहे, यात शंका नाही. वजन साडेपाच ते आठ किलो, म्हणजे मांडीवर मावणारा. कान लांब व रेशमी, डोळे मोठे आणि गोल. रंग चार: पांढऱ्यावर तांबूस, तिरंगी, पूर्ण तांबूस, आणि काळ्यावर तांबूस खुणा. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला अशा लहान स्पॅनियलांचे वेड होते, म्हणून हे नाव. पुढे चपट्या तोंडाची फॅशन आली. तेव्हा १९२६ साली रॉझवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थांनी क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात जुन्या, लांब तोंडाच्या कुत्र्यासाठी २५ पौंडांचे बक्षीस ठेवले. म्हणजे हा चेहरा माणसांनीच आपल्या आवडीने घडवला आहे.

पण त्याची किंमत कुत्रा देतो. या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो. काहींची कवटी मेंदूला अपुरी पडते आणि त्यांना मानेत वेदना होतात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालचे पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही. त्या कायद्याला 'लूसीचा कायदा' म्हणतात. लूसी ही एक कॅव्हेलियरच होती. पिल्लांच्या कारखान्यात सतत पिल्ले काढून घेऊन तिचे फार हाल केले होते.

आता स्वभाव. हा कुत्रा भांडखोर नाही. चोर आला तरी बहुधा शेपटीच हलवील! लहान मुले, म्हातारी माणसे, दुसरी कुत्री, सर्वांशी त्याचे जमते. पण त्याला एकटे राहणे जमत नाही. माणसाची सोबत करणे हेच शेकडो वर्षे त्याचे काम आहे. आणि आपली घरे कशी? आई-बाबा कामावर, आम्ही शाळेत, रविवारी मराठीचा वर्ग, उन्हाळ्यात पाच आठवडे भारतात. मग तो कोणाची सोबत करणार?

मित्रांनो, हट्ट करण्यापूर्वी स्वतःला विचारा: पावसात सकाळी त्याला कोण फिरवणार? बेदाण्याचा लाडू, कांद्याची भाजी, चॉकलेट हे त्याला विषारी आहे, हे पाहुण्यांना कोण सांगणार? घ्यायचाच असेल तर पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा, तिच्या हृदयाच्या तपासणीचे कागद मागा. किंवा निवारागृहातला मोठा कुत्रा आणा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. "घरात घाण होते" एवढेच सांगून विषय मिटवू नका. "आपल्याकडे त्याला द्यायला वेळ नाही" हे खरे कारण सांगा. ते आम्हाला पटते. ऐकून वाईट वाटेल, पण पटेल.

निबंध लिहिणाऱ्या पाचांपैकी तिघांनी आता हट्ट सोडला आहे. उरलेल्या दोघांच्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात, म्हणून वर्गाने त्यांना परवानगी दिली. आजींची परवानगी मात्र अजून मिळायची आहे!

– मोठा गट