नाणं कसलंही असो, राबतंय कोण ते बघा

शुक्रवारी संकटा देवीला नारळ वाहून नांदेडच्या एक बाई काशीतल्या संकठा घाटाच्या पायरीवर येऊन बसल्या. मुक्काम आमच्याकडेच होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी इथेच मागच्या गल्लीत राहतो आणि मराठी यात्रेकरू हक्काने उतरतात. बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. तडा गेलेल्या काचेखाली कुठल्याशा कंपनीच्या 'नाण्यां'चा आकडा रोज फुगत होता. पैसे काढायला गेलं की 'प्रक्रिया सुरू आहे'. "भाऊ, हे शेअरसारखंच ना? मग शेअरवाल्यांचा कायदा मला नाही का?"

प्रश्न अगदी नेमका आहे आणि माझं उत्तर 'आहे' असंच आहे. स्वतः बिटकॉइन विकत घेऊन स्वतःजवळ ठेवलं, तर ती नुसती वस्तू. भाव चढो की पडो, ज्याचं त्याचं. पण बाईंनी वस्तू घेतलीच नव्हती. अनेकांचे पैसे एकत्र झाले, नफ्याच्या आशेने झाले, ते दुसरा कुणी सांभाळत होता आणि रोजच्या कारभारात बाईंना काडीचाही अधिकार नव्हता. सेबी कायद्याच्या कलम 11एएमध्ये सामूहिक गुंतवणूक योजनेच्या याच चार खुणा दिल्या आहेत. अशा योजनेची युनिट्स 1956च्या रोखे करार कायद्यात रोखे म्हणूनच धरली जातात. नव्वदच्या दशकात सागवानाची रोपं दाखवून पैसे गोळा झाले, तेव्हा हा धडा आपण शिकलो होतो. 1999मध्ये सेबीने नियम केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 1946मध्येच फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागांबद्दल हेच विचारलं होतं: बाग तुमची, पण राबतंय कोण?

गेनबिटकॉइन या योजनेचं उदाहरण ताजं आहे. लोकांनी बिटकॉइन सोपवायचे, महिन्याला 10 टक्के, असे 18 महिने परतावा, असं आश्वासन होतं. पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं हाती ठेवलं गेलं. पुणे पोलिसांनी 2018मध्ये योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पकडलं. 2022मध्ये तो वारला. तपास सीबीआयकडे गेला आणि 2025मध्येही छापे चालूच होते. लोक कायद्याकडे गेले ते फसल्यावर, फौजदारी गुन्ह्याच्या वाटेने. नोंदणी नसलेली योजना म्हणून पहिल्याच महिन्यात ती अडवायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

सरकारने 2022मध्ये अशा नाण्यांना 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव दिलं, नफ्यावर 30 टक्के कर बसवला, 1 टक्का टीडीएस लावला. कर घेताना ओळख पटते, मग गुंतवणूकदार दारात आला की का पटू नये? सेबीने साध्या मराठीत, साध्या हिंदीत जाहीर करावं: नाणं दाखवून परतावा कबूल कराल, तर आधी नोंदणी करा. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेलाही त्या चार खुणा पाठ असाव्यात.

पायरीवरच आम्ही तक्रारीचा कागद लिहायला घेतला. किती दिले, कधी दिले, कोणत्या खात्यातून गेले, सगळं बाईंना तारखेनिशी आठवत होतं. मी विचारलं, "योजना कुणी सांगितली?" बाई नदीकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तेवढं नाव नका लिहू, भाऊ. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे."

ती ओळ मी कोरी ठेवली.