विश्लेषण : दारू न पिणाऱ्यांनाही यकृताचा कर्करोग का होतो? माहुलमध्ये तपासणी का हवी?

तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांना खेटून असलेल्या माहुलमध्ये आरोग्याची चर्चा धाप आणि खोकल्यावर सुरू होते आणि तिथेच थांबते. ती यकृतापर्यंतही जायला हवी.

धोका कसा वाढतो?
हिपॅटायटिस बी, सी आणि दारू ही यकृताच्या कर्करोगाची जुनी, मोठी कारणे. त्यात आता फॅटी लिव्हरची भर पडली आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की यकृतात चरबी साठते, सूज येते, व्रण पडतात. पुढे सिरॉसिस आणि काहींना कर्करोग होतो. काही रुग्णांत तर सिरॉसिसशिवायही गाठ आढळते. फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारामुळे होणाऱ्या कर्करोगाचे जगातील प्रमाण २०२२ मधील ८ टक्क्यांवरून २०५० पर्यंत ११ टक्क्यांवर जाईल, असा ‘लॅन्सेट’ आयोगाचा अंदाज आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार ११.४ टक्के भारतीय प्रौढांना मधुमेह, तर ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आहे.

आयुर्मानावर परिणाम काय?
यकृत सहसा दुखत नाही. हिपॅटायटिसच्या रुग्णावर निदान डॉक्टरांची नजर असते. फॅटी लिव्हर मात्र ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिले जाते. त्यामुळे गाठ उशिरा सापडते. त्यात मधुमेह, हृदयविकार असतील तर शस्त्रक्रिया अवघड होते.

दोष फक्त सवयींचा?
वजन ५ टक्के घटले तरी यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्के घटल्यास सूजही उतरते. पण ‘रोज मोकळ्या हवेत चाला’ हा सल्ला माहुलमध्ये कसा पाळायचा? येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून विस्थापितांना इथेच पाठवण्यात आले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. ज्यांनी राहण्याची जागाच निवडली नाही, त्यांच्या आजाराला निव्वळ ‘जीवनशैली’चे नाव देणे अन्यायाचे आहे.

उपाय काय?
केंद्राने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यामुळे नवी योजना नको, आहे तीच दारापर्यंत न्यायला हवी. रक्तातील साखर तपासतानाच कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपुढे धोका धरतात. वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून व्रणांचा अंदाज बांधता येतो. सिरॉसिस असल्यास दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी. महापालिकेने याची सुरुवात माहुलपासून करावी. हवा स्वच्छ व्हायला वर्षे लागतील. टेप आणि रक्ताची चाचणी उद्याही पोहोचू शकते.